गुलाबजामासोबत मोस्कातो आंबट का लागली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इटलीत तोरिनोला शिकणाऱ्या मुलीने गेल्या दिवाळीला येताना मोस्कातो द'आस्ती या तिथल्या गोड, बुडबुड्यांच्या वाइनची एक बाटली आणली. ती पुण्यातल्या घरी दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये राहिली आणि ऑगस्टमध्ये, लग्नाच्या वाढदिवसाला उघडली. गोड वाइन म्हणून सोबत गुलाबजाम ठेवले. पहिला घोट सरबतासारखा लागला, आणि गुलाबजाम खाल्ल्यावर तीच वाइन आंबूस पाण्यासारखी झाली. ताईंनी विचारलंय : हिची खरी चव असते तरी कशी, आणि ती कशाबरोबर घ्यायची?

ताई, तुम्हाला जे जाणवलं ते अगदी बरोबर जाणवलं. मी 13 वर्षं इटलीतल्या पिएमोंतेत, आधी आल्बात आणि नंतर तोरिनोत, रेस्तराँमध्ये वाइन वाढण्याचं काम करते आहे. जेवणाच्या शेवटी मोस्कातो आणि त्याबरोबर फार गोड काहीतरी मागवणारी माणसं रोज भेटतात. ग्लास अर्धा टाकून ती उठतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण एवढी सुरेख वाइन त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

आधी गुलाबजामाचं. लाडू खाऊन वर चहा प्यायलात तर तो अगोड लागतो, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. चहात साखर तेवढीच असते, पण जीभ लाडवाच्या गोडीला सरावलेली असते. इथे तेच झालं. मोस्कातोच्या लिटरभर वाइनमध्ये साधारण 120 ते 130 ग्रॅम साखर असते, म्हणजे बारा-तेरा टक्के. गुलाबजामाच्या पाकात निम्मी तरी साखर असते. त्या पाकानंतर जिभेला वाइनमधली साखर कळतच नाही. मागे उरतात ते आंबटपणा, बुडबुडे आणि पाणी. तुम्ही नेमकं तेच लिहिलंय. म्हणून आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे : वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. मोस्कातोच्या बाबतीत तो फार काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण गोड वाइनांमध्ये ही तशी हलकी आहे.

दुसरी गोष्ट शोकेसची. पहिला घोट नुसता सरबतासारखा लागला, त्याचं कारण मला तिथे दिसतं. ही वाइन सगळी सुगंधावर उभी असते आणि उष्णता सुगंध आधी खाते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. बंद काचेच्या कपाटात, वरून दिवा असेल तर आणखीच. दोन उन्हाळी महिन्यांत ताज्या फुलांचा वास जाऊन मध आणि शिजवलेल्या संत्र्याच्या सालीसारखा जड वास उरतो. रंगही फिक्या गवती पिवळ्यावरून गडद सोनेरी होतो. तुमच्या ग्लासात तो तसा होता का, आठवून पाहा. वास गेलेली मोस्कातो म्हणजे उरलेली गोडी आणि थोडे बुडबुडे. तिला सरबत म्हटलंत त्यात तुमचा दोष नाही.

आता चांगल्या बाटलीत काय असायला हवं ते सांगते, आणि त्यासाठी ही वाइन कशी होते ते थोडं सांगावं लागेल.

पिएमोंते हा इटलीचा वायव्येकडचा प्रांत. त्यात आस्ती, कुनेओ आणि आलेस्सांद्रिया या तीन जिल्ह्यांतल्या टेकड्यांवर मोस्कातो बियांको नावाचं द्राक्ष होतं. बारीक मण्यांचं, पातळ सालीचं, ऊन लागलेल्या बाजूने तपकिरी ठिपके पडणारं. कानेल्ली, सांतो स्तेफानो बेल्बो, कास्तिल्योने तिनेल्ला ही तिथली गावं. एका गावाचं नाव तर चक्क मांगो आहे. उतार इतके तीव्र की अनेक मळ्यांत यंत्र चालत नाही, तोडणी हातानेच. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला तोडणीच्या दिवसांत मळ्यात उभं राहिलं की हवेलाच वास येतो.

बहुतेक वाइन ज्या द्राक्षाची असते त्याच्यासारखी लागत नाही. आंबताना रसाचं सगळं रूप पालटतं. मोस्कातो हा मोठा अपवाद : मणी तोंडात टाकला की जो वास येतो तोच ग्लासात येतो. दक्षिणेत कुणी तमिळनाडूतली पन्नीर द्राक्षं खाल्ली असतील तर त्यांना हा वास लगेच ओळखू येईल. मोस्कातोसारखीच तीही मस्कत नावाच्या सुगंधी द्राक्षांच्या कुळातली, आणि पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. या वासामागे लिनॅलूल, जिरॅनिऑल अशी काही सुगंधी द्रव्यं असतात. लिनॅलूल आपल्या धण्यांत भरपूर असतं, वेलचीतही थोडं असतं. जिरॅनिऑल गुलाबात असतं. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकाला ही वाइन परकी नाही, असं मी म्हणते ते उगाच नाही.

हा वास जपायचा तर रस आंबवण्याची घाई करून चालत नाही. द्राक्षं हळुवार दाबून रस काढतात आणि लगेच शून्य अंशाच्या आसपास थंड करून ठेवतात, म्हणजे यीस्ट झोपून राहतं. मग लागेल तसा रस बंद टाकीत घेऊन, दाब राखून आंबवतात. साखरेचं अल्कोहोल होऊ लागतं, निघणारा वायू रसातच मुरतो आणि तेच ते बारीक बुडबुडे. अल्कोहोल पाच-साडेपाच टक्क्यांवर आलं की टाकी एकदम थंड करतात, आंबणं थांबतं आणि वाइन बारीक गाळणीतून काढून बाटलीत भरतात, म्हणजे मागे यीस्ट उरत नाही. सगळी साखर आंबू दिली असती तर बारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झालं असतं. म्हणजे हिची गोडी वरून घातलेली नसते. ती द्राक्षाची स्वतःची साखर, आंबायची राहिलेली. पूर्वी हेच काम कापडी पिशव्यांतून पुन्हा पुन्हा गाळून करायचे आणि ते फार बेभरवशाचं होतं. गाळण नीट झाली नाही की वसंतात हवा तापल्यावर तळघरात बाटल्या फुटायच्या.

बंद दाबाच्या टाकीची ही पद्धत याच भागातली. आस्तीच्या वाइन संशोधन केंद्राचे प्रमुख फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी 1895 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे फ्रान्सच्या शार्मा यांनी 1907 मध्ये ती सुधारली, म्हणून जगभर शार्माचंच नाव जास्त चालतं. पिएमोंतेतली माणसं मात्र आवर्जून मार्तिनोत्ती म्हणतात, आणि मीही म्हणते. त्याआधी 1865 च्या सुमारास कार्लो गांचा यांनी शँपेनची रीत शिकून येऊन कानेल्लीत मोस्कातोपासून बुडबुड्यांची वाइन केली होती. त्या काळची, गावाच्या पोटात खोदलेली तळघरं आजही बघता येतात. आत शिरलं की देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा लागतो. 2014 पासून ती या टेकड्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. मुलगी तोरिनोत आहे तर एका रविवारी तिला तिथे पाठवाच.

चव घेण्याची रीत सोपी आहे. ग्लास एक तृतीयांशच भरा. आधी नुसता वास घ्या, प्यायची घाई नको. ताज्या बाटलीत पांढरी फुलं, संत्र्याचा मोहर, पिकलेलं पीच, थोडं जर्दाळू आणि मागे एक हिरवट, पानांचा वास येतो. इथे त्याला सेजचं पान म्हणतात, मला तो गवती चहाच्या जवळचा वाटतो. मग छोटा घोट. पहिल्यांदा गोडी येते, लगेच बुडबुडे ती जिभेवरून उचलतात, आणि मग आंबटपणा येऊन तोंड साफ करतो. शेवटी अगदी किंचित कडसर, द्राक्षाची साल चावल्यासारखी झाक राहते. सरबत प्यायल्यावर घशाशी चिकटपणा राहतो. चांगल्या मोस्कातोनंतर तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. मी तरी बाटली याच एका खुणेवर पारखते.

थंडपणाही सांभाळावा लागतो. आठ ते दहा अंश ठीक. घरच्या फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवली की जमतं, पुण्याच्या उन्हाळ्यात पाचच मिनिटं. अगदी गोठलेली असेल तर वास उमलत नाही. कोमट झाली तर गोडी जड होते. बर्फ घालू नका, बर्फाने बुडबुडे आणि सुगंध दोन्ही पातळ होतात. इथे जुन्या घरांत बसक्या, पसरट तोंडाच्या पेल्यात देतात, दिसायला फार छान. मी मात्र वर किंचित मिटलेला साधा वाइनचा ग्लास घेते, कारण पसरट पेल्यातून वास उडून जातो.

आता सोबत काय. पिएमोंतेत हिची खरी जोडीदार म्हणजे हेझलनटचा केक. पिएमोंतेतल्या लांगे नावाच्या टेकड्यांवर मोस्कातोच्या शेजारीच हेझलनटच्या बागा आहेत, आणि घरोघरी होणाऱ्या या केकमध्ये भाजलेल्या हेझलनटचं कूट, अंडी आणि बेताची साखर असते. कितीतरी घरी मैदा नावालाच. कोरडा, खमंग, रवाळ. नुसता खाल्ला तर घास अडतो, म्हणून वाइन हवीच. भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा आणि फुलांचा वास एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. त्यावर झाबाय्योने घालतात : अंड्याचे बलक, साखर आणि वाइन उकळत्या पाण्यावर धरलेल्या भांड्यात फेटून केलेला गरम फेस. इतरत्र त्यात मार्साला नावाची वाइन घालतात, लांगेत मोस्कातो. घरी करायचं तर एका बलकाला एक लहान चमचा साखर पुरते, कारण वाइन स्वतःच गोड असते, आणि वाइन मोजायला अंड्याचं अर्धं कवच हेच माप. बलकामागे दोन अर्धी कवचं घ्या. आच मंद ठेवा आणि हात थांबवू नका, नाहीतर त्याची भुर्जी होते.

नाताळात पानेत्तोने नावाच्या उंच, हलक्या गोड पावाबरोबर मोस्कातो सगळ्या इटलीत पितात. उन्हाळ्यात पीच चिरून त्यावरच ओततात. पण मला जे शिकायला मिळालं ते वेगळ्याच ताटात. पहिल्या वर्षी मी कानेल्लीजवळ एका शेतकऱ्याकडे तोडणीला गेले होते. सकाळी साडेनऊला काम थांबलं, कुणीतरी मळ्याच्या कडेला फळी टाकली, त्यावर पाव, सलामी आणि थंड मोस्कातोची बाटली. मला वाटलं हे गोड पेय जेवणाआधी कसं? सलामीचा खारट, चरबीचा, मिऱ्याचा घास आणि त्यावर हा घोट. मीठ आणि गोडी यांनी एकमेकांना इतकं उचलून धरलं की मी नंतर केकबद्दल विचारणंच सोडलं. ही तिथली नेहमीची रीत आहे, शहरातली माणसं विसरतात एवढंच. मांस खात नसाल तर रोबिओला दी रोक्कावेरानो हे याच टेकड्यांवरचं शेळीच्या दुधाचं मऊ चीज घ्या, किंवा गोर्गोंझोला, ते निळ्या बुरशीचं खारट चीज. दोन्ही पुण्यात शोधावी लागतील, पण मुलगी आणू शकते.

त्या फळीवरच्या घासावरून मी आपल्या पदार्थांकडे वळले. दिवाळीच्या फराळातली मोस्कातोची जोडी लाडू किंवा करंजी नाही, चकली आहे. भाजणीची, तिखट, ओवा-तीळ घातलेली, तळलेली चकली. खारट, खमंग, तेलकट, तिखट, म्हणजे सलामीने जे केलं ते सगळं तिच्यात आहे. तिखटाचं एक वेगळं कारणही आहे : मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि साखरेने शमते. तेरा-चौदा टक्क्यांची वाइन तिखटाबरोबर तोंड भाजते. पाच टक्क्यांची गोड, थंड वाइन ते निववते. त्याच कारणाने कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, तिखट शेव घातलेला चिवडा, मिरचीची भजी, सगळं चालतं. कोथिंबीर वडीत धणे भरडून घातले तर ती वाइनच्या आणखी जवळ जाते. माझ्या घरी इथले पाहुणे आले की मी जेवणाआधी थंड मोस्कातो आणि गरम कोथिंबीर वडीच देते.

गोडच हवं असेल तर बेताचं गोड. शंकरपाळी उत्तम, विशेषतः तुपातली खुसखुशीत; इथल्या कोरड्या बिस्किटांच्या जागी ती अगदी चपखल बसते. नारळी भात गूळ कमी घालून केला तर छान लागतो. कोकणातलं काकडीचं धोंडस किंवा सांदण, गोडी नेमस्त असेल तर, मला केकइतकंच आवडतं. फळांमध्ये महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पेरू, आलुबुखार, अर्धवट पिकलेली पपई. हापूसबद्दल मला नेहमी विचारतात. माझं मत नाही असंच आहे. पिकलेल्या हापूसचा वास आणि मोस्कातोचा वास, दोन्ही राजे; एका ताटात दोघांना बसवू नये. त्यातून हापूस गोडही जास्त.

बासुंदी, श्रीखंड, जिलबी, गुलाबजाम, पुरणपोळी नको. आटवलेलं दूध आणि पाक दोन्ही हिला गाडून टाकतात, आणि श्रीखंडाच्या आंबटपणापुढे वाइन बेचव होते. चॉकलेटही नको, कोकोच्या कडवटपणापुढे फुलांचा वास टिकत नाही.

गोड पक्वान्नाबरोबर गोड वाइनच हवी, असा हट्ट असेल तर इटलीतच दुसऱ्या बाटल्या आहेत. सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधल्या पांतेल्लेरिया बेटावर झिबिब्बो नावाचं मस्कत द्राक्ष उन्हात वाळवून पास्सितो नावाची गोड वाइन करतात. जर्दाळू, खजूर, मध, आणि अल्कोहोल चौदा-पंधरा टक्के. तिच्याबरोबर अंजिराची किंवा सुक्या मेव्याची बर्फी टिकते. तोस्कानाची विन सांतो अशीच, बदामाच्या कडक बिस्किटांबरोबर. या अर्ध्या ग्लासातच पुरतात. नाशिकला शेनिन ब्लां या द्राक्षापासून केलेली लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन मिळते, ती चांगली गोड वाइन आहे, पण द्राक्ष वेगळं असल्याने मोस्कातोचा तो फुलांचा वास तिच्यात शोधू नका.

घरात कुणाला मधुमेह असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा : 150 मिलीच्या ग्लासात 18-19 ग्रॅम साखर जाते, जवळजवळ चार-साडेचार चहाचे चमचे. अल्कोहोल कमी आहे म्हणून दुसरा, तिसरा ग्लास सहज होतो आणि साखर वाढत जाते.

राहिली पुढची बाटली. मुलीला सांगा, लेबलवर 'मोस्कातो द'आस्ती' एवढं पूर्ण नाव हवं, नुसतं 'मोस्कातो' नको. ते जगात कुठूनही येतं. गळ्यावर क्रमांकाची कागदी पट्टी हवी, 1993 पासून या वाइनला इटलीचा सर्वोच्च दर्जा आहे आणि ती पट्टी त्याची खूण. बूच साधंच असतं. तारेने बांधलेलं, छत्रीसारखं बूच दिसलं तर बहुधा ती आस्ती स्पुमांते असेल. तेच द्राक्ष, पण दाब आणि अल्कोहोल जास्त, आणि 2017 पासून तिचा कोरडा, म्हणजे फारसा गोड नसलेला प्रकारही निघतो, त्यामुळे 'सेक्को' हा शब्द आहे का ते बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे द्राक्षतोडणीचं साल. शेवटच्या तोडणीचं असावं, फार तर त्याच्या आदल्या वर्षीचं. ही वाइन जपून ठेवल्याने सुधारत नाही. सामानात कपड्यांच्या मधोमध गुंडाळून आणावी आणि घरी येताच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, शोकेसमध्ये नाही. उघडली की त्याच दिवशी संपवा. उरलीच तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी झाबाय्योने करा. दिवाळीतच उघडा, चकलीचा पहिला घाणा गरम असताना, आणि कशी लागली ते मला जरूर कळवा.